मरीन ड्राइव्ह दिवसाउजेडी पाहा



लग्नकार्य, दवाखाना किंवा मंत्रालयातले काम, काही ना काही निमित्ताने आपले मुंबईला जाणे होते. रात्री पाहुणे आपल्याला मरीन ड्राइव्हला नेतात. वळणदार किनाऱ्यावरची दिव्यांची ओळ, तिला ‘राणीचा हार’ म्हणतात, ती पाहून डोळे दिपतात. मीही तो किनारा बरेचदा असाच पाहिला. मात्र एकदा सकाळच्या उन्हात पुन्हा गेलो, तेव्हा वेगळेच दिसले.

दिवसा पाणी मातकट असते. लाटांचा मार सोसणारे सिमेंटचे चार पायांचे ठोकळे उघडे पडलेले असतात. समुद्राकडे पाठ केली की गोलाकार गच्च्यांच्या जुन्या इमारती दिसतात. २०१८ साली त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. आपण उभे असतो ती जमीन मात्र समुद्रात भराव टाकून केलेली आहे. हा भराव विसाव्या शतकातला. पण त्याआधीचा पहिला मोठा खटाटोप कापसाच्या पैशावर झाला होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र बुजवण्यासाठी बॅकबे कंपनी निघाली. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. इकडे खेड्यांत सावकार सढळ हाताने उचल देऊ लागले.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध थांबले आणि भाव कोसळले. कंपनी बुडाली. शेअरबाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांचेही दिवाळे निघाले. त्यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून बांधलेला राजाबाई टॉवर मरीन ड्राइव्हपासून चालत जाण्याच्या अंतरावर आजही उभा आहे.

शेतकऱ्याचे काय झाले? सावकारांनी हात आखडला, जुनी बाकी मात्र वाढत राहिली. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. त्याच वर्षी मुंबईत कुलाब्याचा ससून डॉक खुला झाला. गिरणीवाल्यांच्या कापसासाठी मुंबईत गोदी उभी राहिली आणि खेड्यात कर्जखतांची होळी झाली!

तेव्हा वाचकहो, चढत्या भावाच्या भरवशावर घेतलेले कर्ज पडत्या भावात फेडावे लागते, हे विसरू नका. कापूस असो, कांदा असो वा टोमॅटो, एका वर्षाचा भाव पाहून विहीर, ट्रॅक्टर किंवा लग्नाचा खर्च ठरवू नये. तीन-चार वर्षांचे भाव वहीत लिहून ठेवा आणि त्यातला सर्वांत कमी भाव धरून हप्ता झेपतो का ते पाहा.

पुढच्या खेपेस मुंबईला गेलात की मुलांना घेऊन सकाळीच निघा. ससून डॉकवर मासळीचा लिलाव भल्या पहाटे भरतो, तो आधी पाहा. मग मरीन ड्राइव्हला या. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मात्र कठड्यापलीकडच्या ठोकळ्यांवर कुणाला उतरू देऊ नका.