माथा ते पायथा : नवख्या प्रकल्पप्रमुखांसाठी

ठरावीक मुदतीत, ठरावीक साधनांनी एकदाच पार पाडावयाच्या आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या समूहास प्रकल्प म्हणतात. असा प्रकल्प पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांनी सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातील पाणलोटाची कामे अभ्यासावीत. पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रावर पडलेला पाऊस एकाच ओढ्याकडे वाहून येतो ते क्षेत्र. 2016 साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू आणि 2018 साली माण तालुक्यातील टाकेवाडी ही गावे पहिली आली. अवघ्या 45 दिवसांच्या या स्पर्धेतील श्रमदानाचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तच होते. मात्र असे काम तडीस जाण्यामागे उत्साहाइतकाच कामांचा क्रम असतो, त्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते.

हा क्रम ‘माथा ते पायथा’ या तत्त्वाने ठरतो. डोंगरउतारावरील चर आणि दगडी बांध आधी, ओढ्यावरील माती नालाबांध नंतर. कारण वरचा उतार उघडा ठेवून खालचा बांध आधी घातला, तर पहिल्याच पावसांत वाहून आलेला गाळ त्यात साचतो आणि पाणी धरण्याची त्याची क्षमता घटते.

चर खोदण्याआधीही एक काम असते, ते आखणीचे. तीन काठ्या बांधून केलेल्या ए-फ्रेमच्या टोकाला दोरी आणि दगड टांगतात, दोरी आडव्या काठीवरील खुणेशी जुळली की दोन्ही पाय समपातळीत आहेत असे समजते, आणि असे बिंदू फक्कीने जोडले की चराची रेषा मिळते. ही रेषा चुकली तर पाणी सखल टोकाला गोळा होऊन चर तिथेच फुटतो. म्हणून आखणीत गेलेला दिवस वाया गेला असे मानणे हा मोठाच गैरसमज आहे.

जे काम लांबले की पुढचे सगळेच लांबते, अशा कामांच्या साखळीला व्यवस्थापनशास्त्रात ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. नवखा प्रमुख ती खोदाईत शोधतो. प्रत्यक्षात ती बहुधा ग्रामसभेचा ठराव, बांधबंदिस्तीसाठी शेतकऱ्यांची संमती आणि वनजमीन असल्यास वनखात्याची परवानगी यांतून जाते. मृगाची तारीख कोणासाठी पुढे सरकत नसल्यामुळे ही कामे हिवाळ्यातच सुरू करावी लागतात.

अंदाज बांधताना मोजमापावर भिस्त ठेवावी. 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल आणि 10 मीटर लांब चर म्हणजे 1.8 घनमीटर खोदाई. पहिल्या काही दिवसांत किती माणसांनी किती घनमीटर काम केले याची नोंद वहीत असली, तर उरलेले काम मुदतीत बसते की नाही हे वेळीच कळते, आणि बसत नसेल तर व्याप्ती कमी करण्याचा अप्रिय निर्णय पावसाच्या तोंडावर घ्यावा लागत नाही.

काम पूर्ण झाल्यानंतरचा खर्च हा तर नियोजनातील सर्वाधिक दुर्लक्षित भाग होय. म्हैसाळसारख्या उपसा सिंचन योजनेत, म्हणजे नदीचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवणाऱ्या योजनेत, वीजबिल थकल्यामुळे पंप बंद पडण्याची वेळ सांगली जिल्ह्याने पाहिली आहे. पाणलोटात वीजबिल नसले तरी गाळ असतो, आणि तो दरवर्षी कोणी, कोणत्या निधीतून काढायचा हे पहिली कुदळ पडण्यापूर्वीच ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घेतलेले बरे.