नोंदवहीतली अबोल मुले

शिक्षणहक्क कायद्यापाठोपाठ २०१० साली राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक, ३० टक्के संकलित. सातवी-आठवीत ४० आणि ६०. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प अशी आठ साधने, शिवाय वर्णनात्मक नोंदी. वेगवेगळ्या स्वभावाच्या मुलांना यातले एखादे दार उघडे सापडावे, ही अपेक्षा रास्तच होती.

घोळ झाला तो नोंदीत. ‘लाजाळू आहे’, ‘वर्गात बोलत नाही’ ही वाक्ये ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात जाऊन बसली. (तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळतात, त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे.) लाजाळूपणा हा स्वभाव झाला, मुलाला अपूर्णांक कळले की नाही, हे त्यावरून कसे ठरणार?

भंडारा जिल्ह्यात तर गप्प राहणे हा दरवेळी स्वभावही नसतो. अनेक घरांत झाडीबोली चालते. तिच्यात ‘ण’ नाही. पाणी ‘पानी’च असते. त्या उच्चाराला वर्ग एकदा हसला, की मूल पुन्हा हात वर करीत नाही आणि नोंदवहीत ‘अबोल’ ठरते.

समजा, साकोलीकडच्या एका पाचवीत पाण्याचा पाठ चालला आहे. पुढच्या बाकावरचा मुलगा ‘पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते’ असे सांगून मोकळा होतो. मागची मुलगी गप्प. तिला गावच्या मामा तलावाचे, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचे, चित्र काढायला द्यावे. पाळ कुठे, पाणी आधी कोणत्या बांधीत उतरते, टोकाची बांधी कोरडी का राहते, हे ती बाणांनी दाखवू शकेल. मग टोकाच्या बांधीचा तोच प्रश्न त्या मुलालाही विचारावा; त्याचे वाक्य नुसते पाठ असू शकते. रस्ते दोन, कसोटी एकच. नोंदही तशीच: ‘चित्रात उतार बरोबर दाखवला, कारण सांगितले.’

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला आढळले, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा एरवी न बोलणारी मुलेही उत्तरे देऊ लागली.

दोनशिक्षकी शाळेत रोज प्रत्येक मुलाची नोंद होणे नाही. पण दिवसाला तीन मुलांनी नेमके काय केले ते एकेका वाक्यात लिहिले, तरी तीसचा पट दहा दिवसांत पुरा होतो. पहिली तीन नावे तेवढी मागच्या बाकावरून घ्यावीत.