कर्तव्याबाहेरचे शौर्य

डिसेंबर १९७१. खुलन्याजवळ आपल्या नौदलाची बोट बुडाली. लीडिंग सीमन चिमण सिंह स्वतः जखमी. तरी वरून गोळीबार सुरू असताना त्यांनी बुडणाऱ्या दोन सहकाऱ्यांना किनाऱ्याला लावले. एका साध्या नौसैनिकाला महावीरचक्र मिळाले. योग्यच झाले.

पण हाच नौसैनिक सुटीवर गावी आला असता आणि नदीतून कुणाला काढले असते तर? त्यासाठी १९६१ पासून जीवनरक्षा पदके आहेत: सर्वोत्तम, उत्तम आणि जीवनरक्षा. सैनिक, पोलीस, अग्निशामक यांना ती मिळतात, मात्र कर्तव्याबाहेरच्या कृत्यासाठीच. म्हणजे इथे हुद्दा बाजूला राहतो. नौसैनिक आणि गुरे राखणारा पोरगा एकाच रांगेत! कायद्याची ही समता आम्हाला फार मोलाची वाटते.

व्यवहारात काय होते? कोलाडला भिऱ्याच्या वीजगृहाचे पाणी सुटले की कुंडलिका चढते. काठच्या वाडीतला कातकरी पोरगा उडी घेतो, माणूस बाहेर काढतो आणि घरी जातो. नौसैनिकामागे त्याचे अधिकारी असतात. या पोरामागे कागद करणारा कोण? शिफारस राज्य शासनाकडून जावी लागते, ती आपोआप जात नाही.

म्हणून रोहा-पेणच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. घटना घडली की त्याच आठवड्यात वाचलेल्याचा आणि साक्षीदारांचा जबाब लिहून घ्या, पोलीस ठाण्यातील नोंदीची नक्कल काढा, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. दोन वर्षे उलटली की प्रकरण विचारात घेत नाहीत.