झोप उडाली, मन लागेना. नेमकं कुणाकडे जायचं?

आमच्या भावकीतला एक जण गेल्या खरिपात रात्र-रात्र जागाच असायचा. घरच्यांनी तालुक्याला ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी बघितली अन् तिथं नेलं. चार फेऱ्या झाल्या, पैसे गेले, गोळी काही मिळाली नाही. मिळणार कशी? तिथला माणूस डॉक्टर नव्हताच.

मनाच्या आजारावर गोळ्या देणारा जाणकार म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस होतो, मग मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम करतो. पाटीवर ही पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळा. मानसशास्त्रात एमए, पुढं बहुतेकांचं एमफिल, आणि आरसीआयची नोंदणी. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, औषध लिहीत नाही. नावापुढचं ‘डॉ.’ कधी कधी पीएचडीचं असतं, एवढं ध्यानात ठेवा.

समुपदेशकांत एमए झालेले असतात, तसेच थोड्या दिवसांचा कोर्स केलेलेही. घरातला ताण, परीक्षेची भीती यात चांगल्या समुपदेशकाचा उपयोग होतो. पण शिक्षण विचारायला लाजू नका. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल आपण वाचतोच की!

माणूस जेवेना, एकटाच बडबडतो किंवा ‘आता जगून काय करू’ म्हणतो, तर पाट्या शोधत बसू नका. थेट जिल्हा रुग्णालय गाठा. तोवर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा. रात्री-अपरात्री सरकारच्या टेलिमानसला 14416 वर फोन लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आमच्या माणसाला शेवटी जिल्ह्यालाच नेलं. गोळ्या चालू आहेत, झोप लागते.