बॅजवरचा खंजीर

वाराणसीच्या लल्लापुऱ्यात जरदोजीच्या अड्ड्यावर, म्हणजे चौकटीवर, ताणून बसवलेल्या गडद कापडावर मशीनगन उमटत होती. एकाच कापडावर ओळीने आखलेले सगळे बॅज महार रेजिमेंटचे होते, ब्लेझरच्या खिशावर लावायचे. निवृत्त फौजी रेजिमेंटच्या मेळाव्यांना असे ब्लेझर घालून जातात.

आखणी खाक्यावरून होते. ट्रेसिंगच्या कागदावर सुईने भोकं पाडलेली असतात. कागद कापडावर ठेवायचा, रॉकेलात कालवलेल्या पांढऱ्या पुडीचा बोळा वरून फिरवायचा, की ठिपक्यांचं चित्र खाली उतरतं. त्यावर आधी जाड दोऱ्याची भर घालतात, म्हणजे आकाराला उठाव येतो. मग जरीची तार. ही तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, आतून पोकळ असते. कारागीर तिचे गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे कापतो, मणी ओवावा तसा एकेक तुकडा सुईत घेतो आणि भरीवर टाका घालून बसवतो. तुकडा जरा लांब राहिला तर फुगतो, आखूड झाला तर खालचा दोरा दिसतो. मोजपट्टी नाही, सगळं नजरेवर.

बॅजच्या मधल्या खंजिराच्या पात्यावर तार तिरपी पडत होती. मशीनगनच्या जाडजूड नळीवर मात्र कारागिराने तिची दिशा बदलली आणि ती लांबीच्या अंगाने बसवली. मला याचं फार अप्रूप वाटलं. ही व्हिकर्स गन. तिची नळी थंड ठेवण्यासाठी भोवती पाण्याचं जॅकेट असे आणि जुन्या बनावटीच्या जॅकेटवर अशाच लांबट खाचा असत. कारागिराने ही बंदूक कधी पाहिलेली नाही. नमुन्यात रेषा तशा आहेत, म्हणून तो तार तशी टाकतो. सैन्यातून व्हिकर्स कधीच गेली, पण तिच्या खाचा इथे अजून जिवंत आहेत.

1946 मध्ये महार रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा या दोन गन फुलीसारख्या बॅजवर आल्या. पुढे पलटणी साध्या पायदळाच्या झाल्या तरी गन राहिल्या. बदललं ते मधलं चिन्ह. आज जिथे खंजीर आहे, तिथे आधी भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता.

तो स्तंभ तिथे शोभेसाठी नव्हता. कोरेगावच्या 1 जानेवारी 1818 च्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने पडलेल्यांमध्ये महार शिपाई होते आणि स्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ प्रत्ययाची 22 नावं आहेत. एवढं असूनही इंग्रजांनी 1890 च्या दशकात महारांची भरती थांबवली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 111 महार ही पलटण उभी केली, 1921 मध्ये मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी स्तंभापाशी गेले, ते ही हकीकत मनात घेऊनच. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात पहिली बटालियन उभी राहिली. ज्यांना सैन्याची दारं बंद केली होती, त्यांनी टोपीवर तो स्तंभ लावला. तो नुसता बॅज नव्हता, पुरावा होता.

आज या रेजिमेंटमध्ये देशभरातले, सगळ्या समाजांचे जवान आहेत. स्वतंत्र भारताच्या सैन्याने कंपनीच्या विजयाचं चिन्ह मिरवू नये, हा विचारही मला समजतो. तरीही स्तंभ काढल्याची हळहळ मला वाटते. खंजीर कुठल्याही पलटणीला चालेल, स्तंभ फक्त हिचाच होता.

फोनवर जुन्या बॅजचं चित्र होतं, ते मी कारागिराला दाखवलं. त्याने ते मोठं करून बराच वेळ पाहिलं. स्तंभ सोपा जाईल, तो म्हणाला. कडा सरळ आहेत, वर निमुळता होत जातो, तार एका दिशेने टाकता येईल. वेळ खाते ती खंजिराची मूठ, तिथे चार ठिकाणी तार वळवावी लागते. मग अड्ड्यावरच्या खंजिरावर बोट ठेवून त्याने उंची चित्राशी ताडून पाहिली. दोन्ही आकार उभे, दोन्ही निमुळते. गन जागच्या हलवायला नकोत. कोणी जुन्या बॅजची ऑर्डर दिलीच तर मधला खाका तेवढा नवा पाडावा लागेल, असं सांगून त्याने पुढचा तुकडा कापला.