जास्वंदीवरचा कापूस

मंडळी, उन्हाळा तापू लागला की आपल्या अंगणातल्या जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागतो. पाने चिकट होतात, पुढे त्यांवर काजळी धरते आणि खोडावर मुंग्यांची रांग लागते. कोणी म्हणतो बुरशी, कोणी म्हणतो धुराडे, कोणी मुंग्यांनाच आरोपी ठरवतो. आमचा जन्म कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्यात गेला. चार गाऱ्हाण्यांच्या मुळाशी पुष्कळदा एकच कारण असते. येथेही तेच आहे.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. मेणाच्या आवरणाखाली हा मऊ किडा सोंड खुपसून झाडाचा रस पितो. रसात साखर फार, नत्र थोडे. म्हणून त्याला रस भरपूर ओढावा लागतो आणि जादा साखर तो बाहेर टाकतो. तोच चिकटा. काजळी ही त्या चिकट्यावर वाढणारी बुरशी. ती पानात शिरत नाही, फक्त त्याचा उजेड अडवते. मुंग्या चिकट्यासाठी येतात आणि मोबदल्यात ढेकणाच्या शत्रूंना हुसकून लावतात. मुंबईच्या गिरण्यांतले जुने जॉबर दस्तुरी खाऊन मर्जीतल्यांना सांभाळीत, त्यातलाच हा प्रकार.

लोक येथे घाई करतात आणि जहाल विष फवारतात. त्यात आपला माणूस आधी मरतो! क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा 1898 साली कॉफीवरील किडीसाठी ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. तो पिठ्या ढेकूण खातो. पण त्याची अळीही अंगावर पांढरे मेण बाळगते. दिसायला दोघे भाऊच! तेव्हा काडीने डिवचून पाहावे. ढेकूण घोळक्याने बसतो, जागचा फारसा हलत नाही. अळी मोठी, लांब झिपऱ्यांची, आणि चपळ. तिला हात लावू नये.

2008 साली कोइमतूरकडे पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आढळला. तो जास्वंदीवरही बसतो. फवारे मारमारून शेतकरी थकले. 2010 साली पोर्टो रिकोहून एक बारीक गांधीलमाशी आणून सोडली. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते. तिने जे साधले ते औषधांच्या डब्यांना साधले नव्हते.

घरी काय करावे? फार भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत, जमिनीवर टाकू नयेत. उरलेल्यांवर पाण्याची जोराची धार मारावी. मग लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल थोड्या साबणाने घोटून, संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारावे. आधी एका फांदीवर पाहावे, आठवड्याने पुन्हा करावे. काजळी ओल्या फडक्याने निघते. युरिया आवरावा, कोवळी, नत्राने माजलेली फूट ढेकणाला फार मानवते.

मुंग्यांसाठी खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावावे, सालीवर नव्हे. मात्र एखादी फांदी भिंतीला टेकलेली असेल तर ती आधी छाटावी, नाहीतर मुंग्या भिंतीवरून वर जातील.