पहिली एन्ट्री

"आई, दहा हजार दे ना! फॉर्म आजच भरायचाय." बारावीतल्या लेकीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. 'मालिकेसाठी नवे चेहरे हवेत. काम नक्की. नोंदणी फी फक्त दहा हजार.' ऑडिशन आमच्याच गावातल्या एका लॉजवर! तव्यावरची पोळी करपली, पण मी ठाम 'नाही' म्हटलं. बाईसाहेब रुसून खोलीत.

त्या 'नाही'मागे एक जुनं दुखणं होतं. मी एकोणीस वर्षांची असताना अशाच एका जाहिरातीला भुलले होते. आईनं भिशीचे पैसे दिले, 'त्यांच्याच' फोटोग्राफरकडून अल्बम काढला. महिन्यानं बाबा चौकशीला गेले, तर दाराला कुलूप! पैसे गेले ते गेलेच. पण त्या लाजेनं मी पुन्हा कॉलेजच्या नाटकातसुद्धा नाव दिलं नाही. ते नुकसान मोठं.

म्हणून रात्री लेकीजवळ बसले. म्हटलं, नुसतं 'नाही' म्हणून मोकळी होणार नाही मी. खरी वाट कशी असते ते ऐक.

स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या. तिथे श्याम बेनेगलांनी त्यांना हेरलं आणि १९७५ मध्ये 'चरणदास चोर' आला. अकलूजची रिंकू राजगुरू तर शाळेत होती, तेव्हा नागराज मंजुळेंनी तिला निवडलं. 'सैराट' आला २०१६ मध्ये. पण असं नशीब एखादीचंच. कोल्हापूरची उषा जाधव बघ. पुण्यात ट्रॅव्हल कंपनीत नोकरी केली, मुंबई गाठली, २००७ च्या 'ट्रॅफिक सिग्नल'मध्ये छोटं काम केलं. पुढे 'धग'साठी २०१२ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मधली वर्षं कोणी मोजत नाही गं!

मैत्रिणींनो, आपल्या मुलींसाठीही दारं आहेत. कॉलेजच्या एकांकिका आहेत. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. हौशी मंडळांसाठी राज्य नाट्य स्पर्धा आहे, तिची केंद्रं मुंबई-पुण्याबाहेरही असतात. रीतसर शिकायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. पदवीनंतर, गाठीशी नाटकांचा अनुभव असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. तिथे तर शिष्यवृत्तीही मिळते.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा, काम देणारा आपल्याकडे पैसे मागत नाही, उलट कामाचे पैसे आपल्याला देतो. आजकाल पहिली चाचणी बऱ्याचदा घरूनच होते. मोबाइलवर नाव, वय, उंची सांगायची, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवायचा आणि दिलेला संवाद म्हणायचा, बस्स. बाहेर बोलावलं तर मुलीला एकटीला पाठवू नका. लॉजची खोली तर नाहीच नाही.

लेक ऐकत होती. "पण मला इथे कोण विचारणार?" "तू विचार ना!" म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजात नाव दिलं. एकांकिकेत शेजारीण झालीय. वाक्यं तीनच, पण घरात दिवसभर तीच चालू!

तिला तालमीला सोडायला गेले, तर गावातल्या नाट्यमंडळाचे काका भेटले. स्पर्धेच्या नाटकात आईच्या कामाला बाई मिळेना म्हणून हैराण झाले होते.

माझंही नाव देऊन आलेय.